गोव्यातून विशेष शिक्षणात एम.एड.: शाखा कोणती, विषय कोणता?

डिचोलीकर:
बी.एड. विशेष शिक्षण, बौद्धिक अक्षमता शाखेतून. आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषद, विशेष शिक्षकांची नोंदणी करणारी) नोंदणी चालू आहे. पुढे सत्तरी-डिचोलीच्या शाळांत वाचनात अडखळणाऱ्या मुलांसोबत काम करायचंय. साधं एम.एड. किंवा घरबसल्या एम.ए. एज्युकेशन चालेल का? आणि लघुप्रबंधाचा विषय आत्तापासून धरून ठेवावा का?

मांडवीकाठ:
विशेष शिक्षक म्हणूनच पुढे जायचं असेल तर एम.ए. एज्युकेशनचा विचार सोडा. पदवी खरी असते, पण आरसीआयच्या नोंदवहीत तिची भर पडत नाही. साधं एम.एड. एनसीटीईचं (राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषद), आरसीआयचं नव्हे. तुम्हाला हवं ते एम.एड. विशेष शिक्षण: दोन वर्षं, चार सत्रं. बी.एड. विशेष शिक्षणात ५० टक्के लागतात. साधं बी.एड. आणि आरसीआयमान्य डी.एड. विशेष शिक्षण, दोन्हींत ५० टक्के, असाही मार्ग आहे.

तुमची शाखा बौद्धिक अक्षमता, काम मात्र अध्ययन अक्षमतेचं (बुद्धी ठीक, पण वाचन-लेखन अडतं अशा मुलांचं). हा सांधा आधी जुळवा. प्रवेशपत्रकात शाखेची अट शब्दशः वाचा, मगच अर्ज भरा. आरसीआयची मान्यताही संस्थेला सरसकट मिळत नाही; ती अभ्यासक्रमाला, शाखेला आणि ठरावीक मुदतीला असते. संस्थेच्या फलकावर भरवसा न ठेवता आरसीआयच्या यादीत आपलं प्रवेशवर्ष शोधा. मुदतीबाहेरच्या तुकडीची पदवी नोंदणीला अडते आणि तोवर फी गेलेली असते.

शाखेप्रमाणे संस्था अशा: श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था किंवा म्हैसूरची आयश (वाक्-श्रवण संस्था), बौद्धिक अक्षमतेसाठी सिकंदराबादची एनआयईपीआयडी ही राष्ट्रीय संस्था, दृष्टिदोषासाठी डेहराडूनची राष्ट्रीय संस्था. एसएनडीटीचा विशेष शिक्षण विभाग जुहूला आहे. माझं मत विचाराल तर नावापेक्षा सरावाची भाषा बघा. मराठी मुलांना वाचायला शिकवायचं असेल तर दोन वर्षं तेलुगू-हिंदी वर्गांत काढून फार हाती लागत नाही.

फोंड्याची बाय:
कागदांचं सांगते. गोवा विद्यापीठाकडून मायग्रेशन सर्टिफिकेट निकाल लागताच मागवा. बाहेरच्या विद्यापीठात पात्रता त्यावरच अडते. आरसीआयच्या नोंदणीची मुदत मधेच संपत असेल तर सीआरईचे (नोंदणी टिकवण्यासाठीच्या पुढील प्रशिक्षणाचे) गुण आधी पुरे करा. एम.एड. झाल्यावर वाढीव पात्रतेची नोंद आपोआप होत नाही, वेगळा अर्ज करावा लागतो.

सरकारी नियमित सेवेत असाल तर अध्ययन रजा बघा. पाच वर्षं सेवा लागते, साधारणपणे एका वेळी १२ आणि एकूण २४ महिने मिळतात, परतल्यावर तीन वर्षं सेवेची हमी. कंत्राटी असाल तर हा रस्ता बंद. सरकारी जाहिरातींत १५ वर्षांच्या रहिवासाचा दाखला आणि कोकणी आवश्यक, मराठी इष्ट, हे धरूनच चाला.

पदं निघतील का, हा पुढचा प्रश्न येणारच. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये प्राथमिकला विशेष गरजा असलेल्या दहा विद्यार्थ्यांमागे एक आणि वरच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केलंय. अंमलबजावणी राज्याची.

शून्यरेषा:
लघुप्रबंधाचा विषय आत्ताच धरा. गोव्यात शाळा लहान, निकषांत बसणारी मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. आठ मुलं इकडे, आठ तिकडे, मग टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीची तुलना), हा नेहमीचा साचा आणि निष्कर्ष पोकळ. त्यापेक्षा तीन मुलं घेऊन मल्टिपल बेसलाइन करा, म्हणजे उपाय (वाचनाचा खास सराव) तिघांना एकदम नाही, एकामागून एक सुरू करा. प्रत्येकाची उपायाआधीची किमान पाच मोजमापं घ्या: एका मिनिटात बरोबर वाचलेले शब्द. पहिल्याच्या आलेखाची रेषा स्थिरावली की त्याला उपाय सुरू करा. उरलेल्या दोघांचं नुसतं मोजमाप चालू ठेवा. उपायाआधीच दुसऱ्याची रेषा चढली, तर शिकवणी किंवा वर्गशिक्षक काहीतरी वेगळं करतायत असं समजा. उपाय काढून परत लावण्याचा आराखडा इथे चालत नाही, कारण आलेलं वाचन विसरत नाही.

तोच उतारा पुन्हा देऊ नका, मूल पाठ करतं. सारख्या काठिण्याचे उतारे आधीच तयार ठेवा. किमान २० टक्के सत्रांचं मोजमाप दुसऱ्या व्यक्तीकडून करून घ्या. दोघांच्या मोजमापांची जुळणी ८० टक्क्यांखाली गेली तर मोजण्याचा नियम सैल आहे. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) सुट्टीच्या तोंडावर उपाय सुरू केलात तर रेषा तुटलीच. शाळेची आणि पालकांची लेखी परवानगी त्याआधी हातात हवी.

डिचोलीकर:
मराठीतून चाचणी घेतली की पुरे का? घरी कोकणी, प्राथमिक मराठीतून, पाचवीपासून इंग्रजी.

शून्यरेषा:
पुरे नाही, आणि तुमच्या भागात गोम तिथेच आहे. पाचवीत इंग्रजीत अडलेलं मूल अध्ययन अक्षम आहे की नुसतं माध्यम बदललंय, हे एका भाषेच्या गुणांवरून कळत नाही. देवनागरी ठीक आणि फक्त इंग्रजी अडत असेल तर बहुधा शिकवण्याची उणीव. दोन्हीकडे अडलं, विशेषतः जोडाक्षरं, मात्रा आणि निरर्थक शब्दांवर, तर पुढची तपासणी करा. पण देवनागरीत उच्चार लिपीला धरून असल्याने मूल अचूक पण फार हळू वाचू शकतं. म्हणून अचूकतेबरोबर वेगही मोजा.

मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राची डाली ही वाचन-अक्षमता (डिस्लेक्सिया) तपासणारी चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत आहे, पहिली ते पाचवीसाठी. तिच्यात कोकणी नाही, तेव्हा सूचना मुलाच्या घरच्या बोलीत समजावा आणि तसं केल्याची नोंद अहवालात लिहा. शब्द मात्र बदलू नका. बदललेत तर चाचणीची मानकं (गुणांची तुलना ज्यांच्याशी करायची ते आकडे) लागू होत नाहीत.