‘आत्म्यात उत्सुक असा’ : यातलं उत्सुक म्हणजे नेमकं काय?

बेथेलचा_पाहुणा (जालना)
उपवासकाळासाठी आमच्या तरुण संघाची छोटी पुस्तिका करतोय. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, मग नोकरी लागते आणि रोजची प्रार्थना सुटते, असा विषय. आधारवचन बायबलमधलं, रोमकरांस 12:11, ‘आत्म्यात उत्सुक असा’. मुलांपुढे वाचलं तर एक पोरगी म्हणाली, “बारावीच्या निकालाची असते तशी उत्सुकता का?” मूळ ग्रीक क्रियापद ‘झेओ’, म्हणजे उकळणे. आपल्या उत्सुकमध्ये उकळी कुठं आहे? आणि मुखपृष्ठावर ‘डिवोशन’ला, म्हणजे रोज एकट्यानं देवापुढं बसण्याला, काय लिहू? ‘भक्ती जिवंत ठेवा’ लिहिलं होतं, आमच्या चर्चमधल्या एका वडीलधाऱ्यांनी नाक मुरडलं.

अक्षरवेडा_परभणी
उत्सुकवर अन्याय करू नका. संस्कृतात तो आतुर, अस्वस्थ, ओढ लागलेला असा आहे. शाकुंतलाच्या पाचव्या अंकात गोड स्वर कानी पडल्यावर सुखी माणूससुद्धा ‘पर्युत्सुक’ होतो, ते काय निकालासाठी? शब्द पातळ झालाय तो आपल्या तोंडी. जुन्या भाषांतरकारांना दोष नाही.

गंगाखेडची_मावशी
आमच्याकडं “डोकं उकळायलंय” म्हणजे राग आलाय. ‘आत्म्यात उकळा’ छापलं तर मंडळीत भांडणं लागतील बाबा.

दगडधोंडे
थोडं विषयांतर. त्याच ‘झेओ’वरून झिओलाइट आलंय. 1756 मध्ये क्रोनस्टेट या स्वीडिश माणसानं हे खनिज तापवलं तर ते फसफसून उकळल्यासारखं दिसलं, म्हणून ‘उकळता दगड’. जालना-औरंगाबादकडच्या बेसाल्टच्या खाणींत भरपूर सापडतं. एक्झिमाही त्याच धातूचा.

शुद्धलेखक
खनिजं राहू द्या. मुळात ‘डिवोशन’, ‘क्वाइट टाइम’ हे घरात आणलंच कशाला? ‘उपासना’ हा शब्द आहे की. उपास करून देवाजवळ बसणं, ती उपासना.

अक्षरवेडा_परभणी
सर, उपास वेगळा, उपासना वेगळी. उपास हा उपवासाचा झिजलेला, त्यात वस् (राहणे). उपासनेत आस् (बसणे). दोन्हीकडे ‘उप’ म्हणजे जवळ, म्हणून घोटाळा होतो. जवळ बसायला पोट रिकामं असावं लागत नाही.

शुद्धलेखक
लोकांच्या मनात दोन्ही एकच आहेत. धातू कोण बघतो?

अक्षरवेडा_परभणी
आता हे तुम्ही म्हणावं! कालपर्यंत वापरापेक्षा व्युत्पत्ती मोठी होती.

वैजापूर_पॅरिश
आम्ही कॅथलिक ‘भक्ती’ सर्रास वापरतो. पवित्र हृदयाची भक्ती, मारिया मातेची भक्ती, रोजरीची भक्ती. यात नाक मुरडण्यासारखं काय आहे?

बेथेलचा_पाहुणा (जालना)
त्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं, भक्ती-नेम-व्रत असे शब्द आले की वारीचा वास येतो. त्यांनी पंडिता रमाबाईंचा दाखला दिला.

केडगावी
दाखला अगदीच खोटा नाही. रमाबाईंना बायाबापड्यांना कळेल असं साधं मराठी बायबल हवं होतं, आणि दुसऱ्या धर्माच्या कल्पना चिकटलेले संस्कृत शब्द त्या टाळत. 1922 मध्ये त्या गेल्या, पूर्ण बायबल 1924 मध्ये त्यांच्याच केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून आलं.

गंगाखेडची_मावशी
आणि आपले रेव्हरंड ना. वा. टिळक? ते तर तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणायचे. त्यांची भजनं म्हणायची, कीर्तनाला टाळ धरायचे, आणि शब्दाला मात्र सोवळं? माझी आजी जालन्याजवळच्या बेथेल या ख्रिस्ती वस्तीतली. पहाटे उठून स्तोत्र म्हणायची, त्याला ती ‘नेम’च म्हणायची. “नेम चुकला तर दिवस आंबतो.” शेजारच्या माळकरी काकूंचा हरिपाठाचा नेम, हिचा स्तोत्राचा. दोघींना अडचण नव्हती.

शुद्धलेखक
नेम म्हणजे बंदुकीचा.

गंगाखेडची_मावशी
तुमचा असंल.

वैजापूर_पॅरिश
मावशींचा नेम मला पटतो. उत्सुक ही अवस्था झाली, ती मागून येत नाही. प्रकटीकरणात इफिसच्या मंडळीला ‘तू पहिली प्रीती सोडली’ म्हटलंय, आणि उपाय सांगितलाय तो पहिली कृत्यं पुन्हा करण्याचा. तसं वाटू लागेपर्यंत थांब, असं नाही सांगितलं. नोकरीवाल्या पोराला ‘उत्सुक हो’ म्हणून काय उपयोग? सहाच्या बसआधी दहा मिनिटं प्रार्थनेला बस म्हणावं, स्टँडवर का होईना.

केडगावी
पण नुसता नेम कोरडा पडतो हेही बघितलंय. स्तोत्र तोंडी चालू आणि डोळा घड्याळावर. रोमकरांना लिहिताना पौल ‘उकळा’ म्हणतो ते उगीच नाही.

अक्षरवेडा_परभणी
मग दोन्ही ज्यात आहेत असं क्रियापद घ्या. 2 तीमथ्य 1:6, तिथं देवाचं कृपादान ‘प्रज्वलित कर’ म्हटलंय. ग्रीक शब्द ‘अनाझोपुरेओ’: अना पुन्हा, झो जिवंत, पुर विस्तव. म्हणजे विझत आलेला विस्तव पुन्हा जिवंत करणे. ‘प्रज्वलित’ वाचलं की मला व्यासपीठावरची समई दिसते, पाहुण्यांच्या हस्ते. मराठीत याला सरळ शब्द आहे: फुलवणे. निखारा फुलवतात.

गंगाखेडची_मावशी
हां, हे बरोबर. रात्री राखंखाली इस्तू झाकायचा, सकाळी फुकणीनं फुलवायचा. आपल्या चुलीतला गेला तर शेजारणीकडून आणायचा.

बेथेलचा_पाहुणा (जालना)
‘कृपादान फुलव’ म्हटलं तर आजची मुलं फुलंच समजतील. गॅसवर वाढलीत सगळी. ‘निखारा फुलवा’ असं मुखपृष्ठावर चालेल का? शनिवारी छापायला द्यायचंय, मत द्या.

दगडधोंडे
निखारा पुस्तकी वाटतो. आमच्या अंबडकडं ‘आर’ म्हणतात. भाकरी आरावर शेकतात.

गंगाखेडची_मावशी
आर वेगळा, इंगळ वेगळा. इंगळ म्हणजे एकेक धगधगीत तुकडा. आर म्हणजे ते सगळे मिळून चुलीच्या तोंडाशी ओढलेले.

शुद्धलेखक
‘आर’ म्हणजे बैलाला टोचायची पराणीची आर. स्त्रीलिंगी.

अक्षरवेडा_परभणी
ती आर निराळी, सर. चुलीतला ‘तो आर’. काही गावांत ‘हार’ही ऐकलाय. लातूर-धाराशिवकडचं कुणी आहे का इथं, तिकडं काय म्हणतात?

उदगीरकर
आमच्याकडं इंगळच. आणि इंगळी म्हणाल तर मोठा विंचू, तेवढं जपून छापा.