कुत्री बागेतले सरडे, भेक आणि पक्ष्यांची पिल्लं धरते. काय करावं?

मानपाडा_तळमजला

तळमजल्याचा फ्लॅट, मागे साधारण 30 बाय 18 फुटांची बाग, भिंतीपलीकडे डोंगर. अडीच वर्षांची देशी कुत्री, 17 किलो, नसबंदी झालेली. सकाळ-संध्याकाळ फिरणं होतं, दिवसभर बागेचं दार उघडं असतं. सरडे, खारी, पावसाळ्यात भेक (खरखरीत कातडीचे बेडूक), आणि आता कुंपणाजवळच्या जास्वंदीतल्या बुलबुलाची पिल्लं, सगळ्यांच्या मागे लागते. बहुतेक वेळा मारत नाही, तोंडात धरून आणते आणि सोडते. वाफे उकरायची सवयही आहे. दिवसभर घरात कोंडायचं नाही, पण हे थांबायलाच हवं. गळ्यात घुंगरू बांधून उपयोग होतो का? जाळी लावायची तर कोणती?

जांभा_करवंद

आधी घुंगराचं. खार आणि मोठे पक्षी आवाज ऐकून पळतात, त्यांच्यापुरता थोडा फरक पडेल. भेक आणि घरट्यातून नुकतं बाहेर पडलेलं पिल्लू मात्र धोका जाणवला की जागच्या जागी थिजतं. त्यांना आवाजाचा काही उपयोग नाही, आणि तुमचा खरा प्रश्न त्यांचाच आहे.

ताई, शिकवण्याच्या आधी जागा विभागा. बागेचा साधारण तिसरा हिस्सा, भिंतीला लागून 6 फूट रुंदीचा पट्टा, कुत्रीला पूर्ण बंद करा. जास्वंद त्याच पट्ट्यात येऊ द्या. जाळी 2 इंच बाय 2 इंच चौकटीची जीआय वेल्डमेश (जस्त चढवलेल्या लोखंडी तारांची जोडजाळी), तार 12 गेज, उंची 4 फूट. सरडा, भेक, बुलबुलाचं पिल्लू या चौकटीतून सहज जातं, 17 किलोच्या कुत्रीचं तोंड जात नाही. खांब दर 5 फुटांवर, दीड फूट जमिनीत. जाळी पुरू नका, आपल्या पावसात पुरलेला भाग आधी गंजतो. त्याऐवजी खालचा 1 फूट कुत्रीच्या बाजूला काटकोनात वाकवून जमिनीवर सपाट ठेवा आणि वर जांभ्याचे चिरे मांडा. कुत्रा नेहमी जाळीच्या अगदी पायथ्याशी उकरतो, तिथे पंजाखाली जाळीच आली की सोडून देतो.

हिरवी किंवा काळी नायलॉनची जाळी कृपा करून वापरू नका. स्वस्त पडते, पण धामण, नानेटी, सरडे त्यात अडकतात, सुटायला धडपडताना दोरा खवल्यांत रुततो आणि उन्हात तडफडून मरतात. वाचवायला म्हणून लावलेली जाळी कुत्र्यापेक्षा जास्त जीव घेते.

पट्ट्याच्या आत लपायच्या जागा हव्यात. चिऱ्यांचे तुकडे आणि जाड फांद्यांचा 2 फूट उंचीचा ढीग, फटी 2 ते 4 इंच. जाळीलगत करवंद किंवा कोरांटी लावा, काट्यांमुळे कुत्री जाळीवर रेलत नाही. एका कोपऱ्यातली माती भुसभुशीत आणि किंचित ओली ठेवा. सरड्याची मादी अशाच मातीत खड्डा करून अंडी घालते. तुमची कुत्री वाफे उकरते तेव्हा बहुधा तीच अंडी वर येत असतील. पाण्याची उथळ मातीची थाळी आत, जमिनीवर. रोज पाणी बदला, नाहीतर डास.

उरलेल्या मोकळ्या भागात भिंतीकडे पळायच्या वाटेवर 4 इंची पीव्हीसी पाइपचे 3 फुटी तुकडे आडवे ठेवा, दोन्ही तोंडं उघडी आणि एक तोंड जाळीला टेकलेलं. पाठलाग झालाच तर भेक-सरड्याला आडोसा मिळतो.

कुत्रीचं जेवणाचं भांडं बागेत राहू देऊ नका. उष्ट्यावर उंदीर आणि चिचुंद्र्या येतात, त्यांच्यामागे साप. उंदरांचं विषही नको. विष खाल्लेला मंद उंदीर घुबड खातं आणि तुमची कुत्रीही खाऊ शकते.

शीळ_आणि_बिस्कीट

जांभा_करवंद यांनी जागेचं नीट सांगितलंय. मी वेळ आणि शिकवणीबद्दल लिहितो.

दिवसभर उघडं दार हेच मूळ आहे. एकटा कुत्रा बागेत तासन्‌तास असला की हालचाल टिपणं हाच त्याचा उद्योग होतो, आणि प्रत्येक यशस्वी पाठलाग त्याच्यासाठी बक्षीस असतं. तुमच्या बिस्किटापेक्षा मोठं. म्हणून आधी सराव तोडा: किमान सहा आठवडे बागेत एकटी नाही. हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला 5 मीटरची सपाट नायलॉन दोरी, टोकाची गाठ किंवा फास काढून टाकलेला, म्हणजे झुडपात अडकत नाही. ही दोरी गळपट्ट्याला बांधू नका, धावताना झटका मानेला बसतो. आपोआप गुंडाळणारी दोरीही नको. तिचा ताण सतत राहतो आणि कुत्रा ओढायलाच शिकतो.

"सोड" हा शब्द घरात शिकवा. बंद मुठीत बिस्कीट, ती चाटेल, ओरबाडेल, तुम्ही गप्प. नाक मागे घेतलं त्या क्षणी "छान" म्हणा आणि दुसऱ्या हातातून उकडलेलं चिकन द्या. मुठीतलं बिस्कीट कधीच द्यायचं नाही, इथेच बहुतेक लोक चुकतात. मग उघडा तळहात, मग जमिनीवर पायाजवळ, मग घरंगळणारा चेंडू. दहापैकी नऊ वेळा जमलं की पुढची पायरी. त्यानंतर बागेत, दोरीवर, खारीपासून 20 फुटांवर. अंतर हळूहळू कमी. ती टक लावते, अंग ताठ होतं, शेपूट थांबते, तेव्हा बोलवा. झेप घेतल्यावर मारलेल्या हाका वाया जातात, आणि "ये" या शब्दाची किंमतही संपते.

ओरडणं, मारणं, शॉक देणारे पट्टे नकोत. कुत्री तुमच्यासमोर थांबेल आणि पाठ फिरली की धरेल.

उकरायला वेगळी जागा द्या: 4 बाय 3 फूट, दीड फूट खोल, रेतीने भरलेली, जाळीपासून दूर. त्यात खेळणी पुरा. पावसात ताडपत्री.

पांढरा_कोट_ठाणे

"मारत नाही, फक्त धरते" यावर विसंबू नका. दाताचं टोचणं पिसांखाली दिसत नाही, लाळेतले जिवाणू आत जातात आणि पिल्लू दोन दिवसांत दगावतं. तोंडातून आलेला प्रत्येक जीव जखमी समजा. पुठ्ठ्याच्या खोक्यात सुती कापड, चार भोकं, अंधार, शांतता. दूध, पाणी, भात काहीही घालू नका. वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन लावा. खार किंवा मुंगूस असेल तर उघड्या हाताने उचलू नका.

कुत्री काही धरून बसली असेल तर ओढाओढ करू नका, जबडा आणखी आवळतो. तोंडासमोर चिकन धरून अदलाबदल करा.

कुत्रीने भेकाला चावलं की त्याच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींतलं विष तिच्या तोंडात जातं. तोंडाला फेस, डोकं झटकणं, हिरड्या लालभडक. डोकं खाली झुकवून, पाइपचं पाणी गालाच्या बाजूने 10 मिनिटं सोडा, घशाकडे नाही. ओल्या फडक्याने हिरड्या पुसा. थरथर, झोकांड्या किंवा झटके दिसले तर थांबू नका, दवाखाना गाठा.

लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस) लस दरवर्षी, रेबीजची वेळेवर. मुंगूस चावलं तर लस झालेली असली तरी डॉक्टरांना सांगा. साप चावल्याचा संशय असेल तर कुत्रीला चालवू नका, आवळून बांधू नका, उचलून न्या आणि प्रतिविष आहे का हे निघतानाच फोनवर विचारा.

मानपाडा_तळमजला

खूप आभार. जाळीचं काम पुढच्या आठवड्यात होईल. पण बुलबुलाची पिल्लं आत्ताच घरट्यात आहेत, डोळे उघडलेत, पिसं येतायत. तोवर काय? आणि घोरपड दिसली तर?

जांभा_करवंद

पिसं आलीत म्हणजे थोडेच दिवस उरलेत. पिल्लं साधारण 12 ते 14 दिवसांची झाली की नीट उडता न येताच बाहेर उडी मारतात आणि काही दिवस खालच्या फांद्यांवर, जमिनीवर फिरतात. आईबाप तिथेच भरवतात. तेवढे दिवस कुत्री बागेत फक्त आखूड दोरीवर, शी-शू झाली की आत. घरट्याजवळ सारखं वाकून बघू नका, कावळे तुमच्यावर नजर ठेवून असतात. पिल्लू उघड्यावर बसलेलं दिसलं तर घरात आणू नका, उचलून त्याच जास्वंदीच्या फांदीवर ठेवा. माणसाच्या हाताच्या वासाने आईबाप सोडून जात नाहीत.

घोरपड वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. हाकलू नका, पकडू नका. कुत्रीला आत घ्या, दार लावा, घोरपड आपल्या वाटेने भिंतीवरून जाईल.

डोंगर लागून आहे म्हणून एक: अंधार पडल्यावर दोरीशिवाय बाहेर अजिबात नाही. रात्रीच्या शेवटच्या फेरीला टॉर्च, आधी बाग निरखा, मग दार उघडा. भेक तेव्हाच बाहेर येतात, आणि येऊरच्या डोंगराच्या पायथ्याला बिबट्याही.