जिनिव्हातलं सल्ला केंद्र कुणाच्या पैशावर चालतं?

प्रश्न: डब्ल्यूटीओ (जागतिक व्यापार संघटना) कायद्याचं सल्ला केंद्र विकसनशील देशांचे खटले लढवतं, पण मोठी देणगी श्रीमंत देशांची. उद्या देणगीदारावरच तक्रार आली तर वकील कच खाणार नाहीत? मला तरी पटत नाही.

उत्तर: शंका रास्त. पण २००१ पासूनचं हे केंद्र डब्ल्यूटीओचा भाग नाही, करारच वेगळा. विकसनशील सदस्यही ऐपतीप्रमाणे वर्गणी भरतात. व्यवस्थापन मंडळावरची माणसं वैयक्तिक नात्याने बसतात, देशाची पाटी लावून नाही. (अमेरिका तर केंद्राची सदस्यच नाही!)

दुसरं उत्तर: सल्ला मोफत असला तरी खटल्याला तासाचे पैसे पडतात हं. अल्पविकसित देशांना ४० स्विस फ्रँक.

प्रश्नकर्ता: ४०? मग उरलेलं देणगीदारच भरणार ना! इथेच तर घोडं पेंड खातं.