रिअ‍ॅक्टरचं तापमान झुलतंय: ट्यूनिंग की व्हॉल्व्ह?

प्रश्न: ५ किलोलिटरचा ग्लास-लाइन्ड रिअ‍ॅक्टर, जॅकेटला (बाहेरच्या आवरणाला) वाफ. सेटपॉइंट (हवं ते तापमान) ८० अंश, पण तापमान ७७ ते ८३ झुलतं. ट्यूनिंग म्हणून कंट्रोलरचा गेन (फरकाला तो किती जोरात प्रतिसाद देतो ते) निम्मा केला तर झोका थांबला नाही, नुसता लांबला.

उत्तर १: मग संशय वाफेच्या व्हॉल्व्हवर. लूप (सेन्सर, कंट्रोलर आणि व्हॉल्व्हची साखळी) मॅन्युअलला टाका, म्हणजे व्हॉल्व्ह कंट्रोलर नाही, तुम्ही चालवाल. झोका थांबला तर दोष याच लूपमध्ये. आता आउटपुट (व्हॉल्व्हला जाणारा सिग्नल) अर्ध्या-अर्ध्या टक्क्याने वाढवत स्टेमकडे (व्हॉल्व्हच्या दांड्याकडे) बघा. बॅच चालू असताना नको, आणि प्रॉडक्शनला सांगूनच.

प्रश्नकर्ता: ४१ ते ४४ टक्के स्टेम ढिम्म, मग एकदम उडी.

उत्तर २: स्टिक्शनच, म्हणजे घर्षणाने स्टेम अडकून मग सुटतो. बहुतेकदा ग्लँड (स्टेमभोवतीचं गळती रोखणारं पॅकिंग दाबून धरणारा भाग) जास्त आवळलेला असतो. वाफ गळते म्हणून कुणीतरी पाना फिरवून जातो. पॅकिंग बदला, दोन्ही नट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा, मग पोझिशनरचं (सिग्नलप्रमाणे स्टेम हवेच्या दाबाने हलवणाऱ्या उपकरणाचं) ऑटो-कॅलिब्रेशन. एअर रेग्युलेटरमधलं पाणीही काढा.

उत्तर ३: ट्यूनिंग त्यानंतरच. कॅस्केड (एका लूपच्या आत दुसरा लूप) असेल तर आधी आतला जॅकेटचा लूप; बाहेरचा किमान तीन-चार पट संथ हवा. आरटीडी (तापमानाचा सेन्सर) थर्मोवेलच्या (तो ज्या बंद नळीत बसतो तिच्या) तळाला टेकतोय ना? मधे हवेची फट राहिली की रीडिंग उशिरा पोचतं आणि पीआयडीला (कंट्रोलरला) उगाच दोष.