शब्दचर्चा: ‘मानवरहित’ हेलिकॉप्टर की ‘विनावैमानिक’?

पाणवठा:
नमस्कार. कुमारांच्या एका विज्ञान मासिकासाठी लष्करी हेलिकॉप्टरांवर लेख लिहिते आहे. आत वैमानिक नसलेल्या हेलिकॉप्टरला वर्तमानपत्रे ‘मानवरहित’ म्हणतात. मीही चार पाने तसेच लिहिले आणि अफगाणिस्तानच्या उताऱ्यापाशी अडले.

डिसेंबर 2011 पासून 2014 पर्यंत अमेरिकी मरीन सैन्याने हेल्मंड भागात के-मॅक्स जातीची दोन हेलिकॉप्टरे वैमानिकाशिवाय वापरली. रस्त्यात पेरलेल्या स्फोटकांमुळे ट्रकच्या ताफ्यांतली माणसे मरत होती. म्हणून चौक्यांचे पाणी, रेशन, दारूगोळा हेलिकॉप्टरखाली दोराला लटकवून, बहुतेक रात्रीच्या वेळी, पोचवायला सुरुवात झाली. एकूण माल भरला सुमारे 2,000 टन. हे वाचताना जाणवत राहते की यात माणूस जागोजागी आहे. तळावर नियंत्रक आहे, भार अडकवणारे आहेत, चौकीवर माल ताब्यात घेणारे आहेत. माणूस फक्त त्या एका खुर्चीवरून उठला आहे. मग ‘मानवरहित’ कसे लिहू? ‘निर्मनुष्य’, ‘स्वयंचलित’, ‘ड्रोन’ यांपैकी काही चालेल का?

मोहोळ:
‘निर्मनुष्य’ नको. तो शब्द जागेचा आहे. बेट निर्मनुष्य असते, दुपारी दोनची गल्ली निर्मनुष्य असते, वाहन नसते.

‘स्वयंचलित’ वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देतो. यंत्र कसे चालते हे त्यातून कळते, आत कोण आहे हे कळत नाही. शिवाय आत कुणी नसले म्हणजे यंत्र आपले आपण चालते असे नाही. ‘स्वायत्त’ही कुणी सुचवेल, पण तो ऐकला की विद्यापीठ आणि महामंडळ डोळ्यांसमोर येते.

‘ड्रोन’ रुळला आहे, त्याला विरोध नाही. इंग्रजीत मुळात नर मधमाशीला ड्रोन म्हणतात. ब्रिटिशांनी 1935 मध्ये तोफांच्या सरावासाठी दुरून चालवायचे विमान केले, त्याचे नाव ‘क्वीन बी’, म्हणजे राणीमाशी. त्यावरून अमेरिकी आरमाराने आपल्या यंत्रांना ‘ड्रोन’ म्हटले, असे सांगतात. पण आज ड्रोन म्हटले की मुलांना लग्नात फोटो काढणारे चार पंख्यांचे खेळणे आठवते. के-मॅक्स रिकामे असताना वजन 2,300 किलोच्या आसपास, आणि उचलते 2,700 किलो. एका शब्दात दोन्ही कोंबले तर मुलांना आकाराचा अंदाजच येणार नाही.

घाटमाथा:
आपल्या एसटीने हा प्रश्न कधीच सोडवला आहे. सातारा-स्वारगेट ‘विनावाहक’ गाडी आठवा. तिला ‘वाहकरहित’ कुणी म्हणत नाही. त्या गाडीचा वाहक नाहीसा झालेला नसतो. तो स्थानकावर तिकिटे देतो आणि खालीच राहतो. काम तेच, जागा बदलली. तुमच्या हेलिकॉप्टरचे अगदी हेच आहे. म्हणून ‘विनावैमानिक हेलिकॉप्टर’. ‘विनाअनुदानित’सारखा जोडूनच लिहावा.

उलट ‘मानवरहित’ म्हटले की आपल्याला रेल्वे फाटक आठवते. तिथे खरोखर कुणीच नसायचे, आणि म्हणूनच तिथे अपघात व्हायचे.

शिडाची_दोरी:
मी आरमारात हेलिकॉप्टरांच्या देखभालीत आयुष्य काढले. घाटमाथा यांचा शब्द मला मनापासून पटला, कारण या यंत्राचे गुणदोष दोन्ही त्यात येतात.

आधी गुण. वैमानिक उतरला की त्याच्याबरोबर खुर्ची, चिलखत, श्वासाचा प्राणवायू असे बरेच काही उतरते. ते वजन मालाला किंवा इंधनाला मिळते. मैदानात याचे महत्त्व पटकन कळत नाही. सियाचीनमध्ये कळते. हवा इतकी विरळ की सर्वांत उंच चौक्यांना चीता हेलिकॉप्टर एका खेपेत थोडकेच ओझे नेते. तिथे दोन माणसांचे वजन म्हणजे फार मोठा ऐवज.

दुसरा गुण थकव्याचा. बेल 407 या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यावर अमेरिकी आरमारासाठी केलेले फायर स्काउट सुमारे 12 तास हवेत राहू शकते. एवढा वेळ समुद्रावर टेहळणी करताना आतल्या माणसाचे डोळे, पाठ, लक्ष सगळे ढळते. इथे जहाजावर पाळी बदलते आणि यंत्र वरच राहते.

तिसरा गुण जागेचा, आणि तो सर्वांत जुना आहे. 1960 च्या दशकात अमेरिकेकडे दुसऱ्या महायुद्धातल्या विनाशिका युद्धनौका होत्या. त्यांच्या डेकवर माणसांचे हेलिकॉप्टर मावेना, आणि शत्रूची पाणबुडी तर दूर गाठायची होती. म्हणून क्यूएच-50 हे छोटे हेलिकॉप्टर आले. पाणतीर (टॉर्पेडो) घेऊन जायचे, जहाजावरून चालवायचे. त्यातली बरीच समुद्रात गेली. आत माणूस नव्हता म्हणून एवढी यंत्रे गमावूनही एकही वैमानिक बुडाला नाही. मी तरी हा सर्वांत मोठा गुण मानतो.

आता दोष. 2 ऑगस्ट 2010 रोजी मेरीलँडमध्ये चाचणीवर असलेल्या फायर स्काउटचा संपर्क तुटला. अशा वेळी त्याने आपणहून तळावर परतायचे असते. आज्ञावलीतल्या चुकीमुळे ते परतले नाही आणि वॉशिंग्टनच्या प्रतिबंधित हवाई हद्दीत शिरले. काही वेळाने संपर्क जुळला आणि ते सुखरूप आणले गेले. माझे म्हणणे असे की तेवढा वेळ ते यंत्र खरेखुरे ‘मानवरहित’ होते. तो शब्द त्या अवस्थेसाठी राखून ठेवा.

मोहोळ:
ही विभागणी फार आवडली. शस्त्र लावलेल्या हेलिकॉप्टरबद्दल लिहिताना तर ती हवीच. ‘मानवरहित हेलिकॉप्टरने हल्ला केला’ असे छापले की आज्ञा देणारा माणूस वाक्यातूनच गळतो. ‘विनावैमानिक’ म्हटले की वाचक लगेच विचारतो, मग वैमानिक कुठे बसला होता?

घाटमाथा, ‘बिनवैमानिक’ही चालेल असे वाटते. आपल्या पोलिसांचा ‘बिनतारी संदेश विभाग’ आहेच. फक्त ‘बिनधास्त’, ‘बिनकामाचा’ यांमुळे ‘बिन’ला थोडा घरगुती वास येतो.

पाणवठा:
सगळ्यांचे आभार. ‘विनावैमानिक’ घेते. एक अडचण मात्र उरते. के-मॅक्सची खुर्ची काढलेली नव्हती, हवे तेव्हा वैमानिक बसू शकत असे. आणि 5 फेब्रुवारी 2022 रोजी अमेरिकेत केंटकीतल्या फोर्ट कॅम्पबेल इथे ब्लॅक हॉक हे लष्करी हेलिकॉप्टर आत कुणी नसताना उडाले. तेच हेलिकॉप्टर वैमानिकासहही उडते. मग हा शब्द यंत्राचा की उड्डाणाचा?

घाटमाथा:
उड्डाणाचा. एसटीचेच बघा ना. तीच गाडी सकाळी विनावाहक जाते आणि संध्याकाळी वाहक घेऊन सगळे थांबे घेत येते. फलक फेरीचा असतो, गाडीचा नसतो. तुम्ही ‘ब्लॅक हॉकचे विनावैमानिक उड्डाण’ असे लिहा. ज्या यंत्राच्या नेहमीच्या वापरात माणूस आत बसतच नाही, उदाहरणार्थ क्यूएच-50, त्यालाच ‘विनावैमानिक हेलिकॉप्टर’ म्हणा.

पाणवठा:
म्हणजे माझा उतारा असा होईल: “हेल्मंडमध्ये के-मॅक्सच्या विनावैमानिक फेऱ्या सुरू झाल्या. नियंत्रक तळावर बसे, आणि ट्रक चालवणाऱ्या जवानांना त्या रस्त्यावर कमी वेळा जावे लागे.”

शिडाची_दोरी:
असेच ठेवा. फक्त जून 2013 चा अपघातही त्याच उताऱ्यात घ्या. मागून वारा आला, दोराचा भार झुलू लागला आणि एक के-मॅक्स कोसळले. आतली खुर्ची रिकामी होती, हे तिथे मुलांना जरूर सांगा.