कादंबरीतली आजी 62 वर्षांची दाखवली तर चालेल का? जुन्या काळी लोक किती जगायचे?

मानेवाडा_लेखक:
नमस्कार मंडळी, दोन वर्षांपासून एक फँटसी कादंबरी लिहून राहिलो. जंगलातलं राज्य, देवगडच्या गोंड राजांच्या काळासारखं, पण नावं-गावं सगळी काल्पनिक. त्यात सेनापतीची आई आहे, वय 62, आणि वेढा पडल्यावर किल्ला तीच सांभाळते. मित्राले चार चॅप्टर वाचायला दिले तर तो म्हणे, काहून बे, त्या काळात लोक तिशीतच मरत होते ना? तेव्हापासून अडकलो आहे. सगळ्यांची वयं कमी करू का? पस्तिशीचा माणूस म्हातारा दाखवू का? माहीत असेल त्यांनी प्लीज सांगा.

इतवारीकर:
वयं अजिबात कमी करू नका भाऊ. तुमचा मित्र सरासरी सांगून राहिला. दहा पोरं जन्मली, त्यातली चार वर्षभरात गेली आणि सहा जण 55 पर्यंत जगले, तर सरासरी निघते 33, पण 33 व्या वर्षी त्यातलं कोणीच मेलं नाही! 1911 ते 1921 मध्ये प्लेग आणि 1918 च्या इन्फ्लुएन्झामुळं भारतातलं सरासरी आयुर्मान 20 च्या आसपास होतं, म्हणून काय त्या वेळी विशीतले लोक म्हातारे होते?
आणि किल्ल्याचंच म्हणाल तर ताराबाई पाहा. जन्म 1675, पंचविशीत विधवा, त्यानंतर सात वर्षं औरंगजेबाशी झुंज, आणि 1750 मध्ये पंचाहत्तरीला पोचलेली असताना तिनं छत्रपती रामराजाला साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केलं. पानिपत झालं त्याच वर्षाच्या शेवटी, 1761 मध्ये गेली. तुमची 62 ची आजी तर तिच्यापुढं तरुणच.
सहस्रचंद्रदर्शन हा विधी आपल्याकडे आहेच, हजार पौर्णिमा पाहायला ऐंशी वर्षं लागतात. इतकी जगणारी माणसं दिसत नसती तर असा विधी कशाला राहिला असता?

धंतोली_ताई:
इतवारीकर बरोबर बोलले, पण मला वाटतं खरी गोष्ट त्या चार पोरांत आहे आणि फँटसीवाले नेमकी तीच सोडून देतात. मी बाळंतपणाच्या वॉर्डात बावीस वर्षं काम केलं आहे म्हणून सांगते. नाळ अस्वच्छ विळ्यानं कापली की बाळाला धनुर्वात व्हायचा, लक्षणं बहुतेक पहिल्या एक-दोन आठवड्यांत दिसायची. पाचव्या-सहाव्या रात्री सटवाई पुजायची, बारसं बाराव्या दिवशी करायचं, यामागं ती धास्ती असावी असं मला नेहमी वाटतं. आणि आधीची मुलं गेली असली की पुढच्याचं नाव धोंडू, दगडू, कचरू ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागू नये, देवानं नेऊ नये. माझ्या आजीला नऊ मुलं झाली त्यातली चार राहिली, आणि गेलेल्या पाचांची नावं ती शेवटपर्यंत म्हणून दाखवायची. तुमच्या सेनापतीच्या आईलाही अशी गेलेली लेकरं असतील, ती दाखवा. आनंदीबाई जोशींचं बाळ दहा दिवसांत गेलं तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या, डॉक्टर व्हायचं त्यांनी त्याच दुःखातून ठरवलं. आणि 1887 मध्ये क्षयानं गेल्या, बावीस पूर्ण व्हायच्या आत.

महाल_वाडा:
म्हातारपण कसं दिसायचं तेही लिहा ना. जात्याच्या पिठात दगडाची कच यायची त्यानं दात झिजायचे. चष्मा नाही त्यामुळं चाळिशीनंतर सुईत दोरा घालायला नातीला हाक. मोतीबिंदूनं हळूहळू आंधळेपण. आणि वय कोणालाच नक्की माहीत नसायचं, मोठा दुष्काळ पडला त्या साली जन्मलो असंच सांगायचे, जुन्या जनगणनांत तर 40, 50, 60 अशा गोल आकड्यांवर लोकांची गर्दी दिसते. तुमच्या आजीचं वय 62 असं लिहूच नका, मागच्या पुराच्या आधीची आहे म्हणा.

मानेवाडा_लेखक:
लय लय धन्यवाद सगळ्यांना. ताई, तुमची आजी वाचून गलबललो. अजून एक, माझ्या राज्यात एक वनस्पती आहे, राजघराण्यातले ती खाऊन 120 वर्षं जगतात.

इतवारीकर:
मग वारसाचं पाहा. औरंगजेब 88 व्या वर्षी गेला तेव्हा गादीवर बसलेला बहादूरशहा 63 चा होता आणि पाच वर्षांत तोही गेला. तुमच्या राज्यात युवराज नव्वदीचा होईल, त्याचे मुलगे सत्तरीचे, नातू पन्नाशीचे, आणि सगळे वाट पाहत. उलटं पाहायचं तर आपलं नागपूर, 1853 मध्ये तिसरे रघुजी गेले, मागे वारस नव्हता, दुसऱ्याच वर्षी डलहौसीनं राज्य खालसा केलं.

धंतोली_ताई:
आणि ती वनस्पती पाळण्यातल्या लेकराला चालते का, ते आधी ठरवा.