क्लेफ ‘सा’ दाखवत नाही

पाश्चात्य स्वरलिपीत स्वर पाच आडव्या रेघांवर लिहितात आणि त्यांच्या सुरुवातीला क्लेफ नावाचे चिन्ह असते. क्लेफ म्हणजे ‘सा कुठे धरायचा हे सांगणारी खूण’ असे काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. आपला सा गायकाच्या गळ्याप्रमाणे काळी एकलाही असतो आणि पांढरी चारलाही. क्लेफ मात्र त्या पाच रेघांपैकी एका रेघेला पेटीवरची एक ठरावीक पट्टी कायमची बांधून देतो. ट्रेबल क्लेफचा वेटोळा खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतो, ती रेघ मध्य सप्तकातली पांढरी पाच. बेस क्लेफचे दोन ठिपके ज्या चौथ्या रेघेच्या वरखाली बसतात, ती त्याखालच्या सप्तकातली पांढरी चार. ही चिन्हे म्हणजे मुळात जी आणि एफ ही रोमन अक्षरेच, लिहिता लिहिता वळणदार झालेली.

हे मी चुकूनच शिकलो. वेंगुर्ल्याकडे एका नाताळात गायनवृंदाला पेटीची साथ करताना खालच्या, म्हणजे बेस क्लेफच्या, पाच रेघाही मी ट्रेबलच्याच समजून वाचल्या. भजनात हात तयार झालेला, त्यामुळे आत्मविश्वास दांडगा! शेवटचा खर्जातला स्वर दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधल्या जागेत होता. बेसमध्ये ती पांढरी एक, मी वाजवली पांढरी सहा, आणि आनंदाचे गीत एकाएकी रडवेले होऊन थांबले. व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ, वाजवणाऱ्यांचा आल्टो क्लेफ तर मधल्या रेघेवरच मध्य सप्तकातली पांढरी एक ठेवतो, त्यामुळे तिथे माझी फजिती वेगळ्याच पट्टीत झाली असती.